गाडीची मुदत आणि रस्त्याची जात

धान्याच्या व्यवहारात कोणी विचारले की, "तूर किती महिने टिकते?" तर जाणता व्यापारी एकदम आकडा सांगत नाही. माल कितपत वाळलेला आहे, पोती फळ्यांवर रचली आहेत की उघड्या फरशीवर, गोदामाचे छप्पर आषाढात कोरडे राहते की पाझरते, हे विचारल्यावाचून तो मुदत बोलत नाही. एकाच शेतातला, एकाच दिवशी वजन झालेला माल एका गोदामात वर्षभर निर्मळ राहतो आणि दुसऱ्यात चार महिन्यांत त्याला कीड लागते. हे आम्हां सर्वांच्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्याविषयी लिहावे असेही कोणास वाटणार नाही. परंतु हीच जाणती मंडळी मोटारीकडे वळली की निराळी होतात. तेथे छापील आकडा हाच शेवटचा शब्द मानून आम्ही निर्धास्त असतो, आणि गाडी कोणत्या रस्त्यावर, कशा हवेत व किती वेळ चालते याची विचारपूस करीत नाही.

हा आकडा बहुतेक नव्या गाड्यांच्या पुस्तिकेत "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते" असा असतो. त्यातील पूर्वार्ध सर्वांच्या तोंडी आहे. उत्तरार्ध मात्र विस्मरणात जातो. याखेरीज त्याच पुस्तिकेत थोडे पुढे आणखी एक कोष्टक असते. ते कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांसाठी होय. त्यात ऑईल बदलण्याची मुदत बहुधा निम्म्यावर आणलेली असते, आणि एअर फिल्टर, ब्रेक वगैरे भाग अधिक वेळा तपासावेत असे सांगितलेले असते. कठीण परिस्थिती म्हणजे काय? तर वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, गर्दीत थांबत थांबत चालणे, इंजिन चालू ठेवून उभे राहणे, घाटरस्ते, जड भार. ही यादी वाचू लागले की, ती लिहिणाऱ्याने आमच्या रविवार पेठेत आणि मार्केट यार्डात महिनाभर मुक्काम केला असावा, असा संशय येतो. आम्ही जिला नेहमीची चाल समजतो, तीच पुस्तिकेच्या दृष्टीने कठीण चाल आहे.

याचे मूळ कारण असे की, किलोमीटरचा काटा चाकांचे मोजमाप करतो, इंजिनाचे नव्हे. हमरस्त्यावर ताशी सरासरी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीस १०,००० किलोमीटर पुरे करण्यास सुमारे १६७ तास लागतात. तीच गाडी पेठेच्या गर्दीतून ताशी १५ च्या सरासरीने चालली तर तेवढ्याच अंतरास ६६७ तास लागतात. काट्यावरचा आकडा दोन्हीकडे एकच. इंजिनाची मेहनत मात्र वेळेच्या हिशेबाने चौपट. आमच्याकडे माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याच्या ट्रॅक्टरचे ऑईल तासांच्या हिशेबाने बदलले जाते. ट्रॅक्टरवर त्यासाठी तासांचा काटाच बसविलेला असतो. मोटारीला तो नसल्याने आम्ही फसतो.

मुनिमहाराजांच्या विहारात सोबत जाणाऱ्या गाड्यांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. समाजातील तरुण मोठ्या भक्तीने गाडी घेऊन संघामागून निघतात. पावलांच्या गतीने, पहिल्या गेअरमध्ये, अर्धा क्लच दाबून गाडी सरकत असते. मध्येच थांबते, पुन्हा सरकते. पंधरा-वीस किलोमीटरच्या वाटचालीत इंजिन चार-पाच तास चालू राहते. समोरून वाऱ्याचा झोत नसल्याने रेडिएटरचा सारा भार पंख्यावर पडतो, क्लच प्लेट घासते, आणि काट्यावर मात्र जणू काहीच घडलेले नसते. अशा सेवेत आठ-पंधरा दिवस राहिलेल्या गाडीचे कूलंट व क्लच परत आल्यावर तपासून घ्यावे, आणि ऑईलची मुदत जवळ आली असेल तर तिची वाट न पाहता ते बदलावे. विहारात शक्य तेथे गाडीने मागे रांगत न राहता एक-दोन किलोमीटर पुढे जाऊन इंजिन बंद करून थांबावे, हे अधिक बरे. सेवेत त्याने काही उणे येत नाही.

आता थोड्या अंतराच्या फेऱ्यांकडे वळू. कारण आमच्या बहुसंख्य सभासदांच्या गाड्यांचे खरे दुखणे हेच आहे. टिळकवाडीतून दुकान, दुकानातून यार्ड, यार्डातून बँक. सकाळी सूनबाई त्याच गाडीने मुलांना शाळेत पोहोचवितात. प्रत्येक फेरी तीन-चार किलोमीटरची. येथे पुष्कळांना आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेट्रोल जळताना पाणी निर्माण होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक वाफेच्या रूपाने सायलेन्सरवाटे निघून जाते. सकाळी गार गाडी सुरू केल्यावर नळीतून थेंब गळतात ते हेच. परंतु थोडा अंश पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खाली ऑईल चेंबरमध्ये उतरतो. इंजिन चांगले तापून तसेच अर्धा-पाऊण तास चालत राहिले तर ही ओल उडून जाते. चार मिनिटांत इंजिन बंद झाले तर ती तेथेच साचते. तिच्याबरोबर न जळलेले पेट्रोल आणि ज्वलनातून निघणारी आम्ले येतात, ऑईलचे वंगणपण कमी होते आणि हळूहळू त्याची मळी बनते. तापमानाचा काटा वर चढला म्हणून ऑईल तापले असे समजू नये. तो काटा पाण्याचे तापमान दाखवितो. ऑईल त्याच्या बरेच मागून तापते. ओल साचू लागल्याची एक सोपी खूण आहे: ऑईल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या अंगास पांढरट, लोण्यासारखा थर दिसू लागतो. पावसाळ्यात आमच्या गावच्या हवेत तो लवकर दिसतो.

आमच्या परिचयाच्या एका बंधूंनी हौसेने नवी गाडी घेतली. घर ते दुकान एवढाच तिचा प्रवास. अडीच वर्षांत काटा आठ हजारांपर्यंतही पोहोचला नाही. पहिल्या मोफत सर्व्हिसिंगनंतर गॅरेजचे तोंड पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही, कोणी विचारले तर "अजून दहा हजार कोठे झाले?" असे उत्तर ठरलेले असे. एके दिवशी ऑईलचा तांबडा दिवा लागला आणि इंजिनातून खडखडाट येऊ लागला. चेंबर उघडल्यावर आत ऑईलऐवजी डांबरासारखी मळी निघाली. ऑईल वर ओढणारी जाळी तिने बुजून गेली होती. इंजिन खोलून पुन्हा बांधण्यास जो खर्च आला त्यात वीस-बावीस वेळा ऑईल बदलून झाले असते. वॉरंटीचाही उपयोग झाला नाही, कारण मुदतीत सर्व्हिसिंग झाल्याच्या नोंदीच नव्हत्या. आमच्या मते जी गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालते, तिच्यासाठी किलोमीटरचा काटा विसरून पंचांगच पाहावे. अशा गाडीचे ऑईल सहा महिन्यांनी बदलावे. निदान वर्षाची मर्यादा तरी कदापि ओलांडू नये. आठवड्यातून एकदा तिला हमरस्त्यावर चाळीस-पन्नास मिनिटे सलग चालवावी. संकेश्वरपर्यंत जाऊन आले तरी पुरे. स्तवनिधीचे दर्शन घेऊन आले तर अधिकच उत्तम.

डिझेल गाडी असेल तर ही आठवड्याची फेरी सल्ला म्हणून नव्हे, अट म्हणून पाळावी. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ नियम लागू झाले आणि तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत धुराच्या मार्गावर काजळी अडविणारा फिल्टर असतो. तो साचत आला की गाडी स्वतःच धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेऊन आतील काजळी जाळते. या क्रियेस गाडी काही वेळ बऱ्या वेगाने धावत राहावी लागते. पेठेतल्या पेठेत फिरणाऱ्या गाडीत ही जाळणी सुरू होते, तोच दुकान येते आणि इंजिन बंद होते. असे पुन्हापुन्हा घडले की फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि शेवटी गाडीची ताकदच मरते. शिवाय पुष्कळ गाड्यांत या जाळणीसाठी जादा सोडलेल्या डिझेलचा काही अंश ऑईलमध्ये उतरतो. डिपस्टिक ओढून पाहावी, तर ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेले! व्यापाऱ्यास वाढ पाहून आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे, परंतु ही वाढ नफा नव्हे, भेसळ होय. ऑईल वरच्या खुणेच्या पुढे गेलेले दिसताच ते बदलले पाहिजे. ज्यांचे फिरणे केवळ गावातले आहे, त्यांनी पुढची गाडी घेताना डिझेलचा मोह टाळावा, असे आम्ही स्पष्टपणे सांगू.

धुळीविषयी धान्याच्या व्यापाऱ्यास कोणी काय शिकवावे! सुगीत माल चाळताना उडणारे भूस, पोत्यांचा ताग, हमालांच्या पायांखालची माती यांचा एक दाट पडदा यार्डावर तरंगत असतो. गाडीचे इंजिन तीच हवा ओढून घेते. कागदी एअर फिल्टर भूस सहज अडवितो, पण त्याने लवकर भरतो; मग इंजिनाला दम लागल्यासारखे होते. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबला तरी इंधनाचा खर्च पूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांइतका वाढत नाही, शक्ती मात्र घटते. खरा धोका मातीतल्या बारीक वाळूचा आहे. फिल्टर फाटलेला असला किंवा त्याची रबरी कड नीट बसली नसली, तर ही वाळू आत जाऊन रिंगा आणि सिलिंडर यांना कानशीसारखी घासते. म्हणून यार्डात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर सुगीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पाहावा. मात्र दर आठवड्यास काढून झटकू नये. काढघालीतच कड सैल होते. हवेचा फवारा मारायचा तर तो बेताच्या दाबाने आतून बाहेर मारावा. पुष्कळ गॅरेजांत पोरे तो बाहेरून मारताना आम्ही पाहिली आहेत. त्याने धूळ कागदात अधिकच रुतते.

गोदामालगत उभ्या राहणाऱ्या गाडीस आणखी एक उपद्रव असतो, जो कोणत्याही पुस्तिकेच्या कोष्टकात आम्हांस आढळला नाही. तो म्हणजे उंदीर. धान्य शेजारी, आणि रात्री बॉनेटखाली ऊब. वायरींचे आवरण कुरतडले गेले की गाडी अचानक बंद पडते आणि दोष शोधण्यात दोन दिवस जातात. विष ठेवणे आपल्या धर्मास मान्य नाही, आणि विष खाल्लेला उंदीर इंजिनात जाऊन मरतो हा व्यवहारातील तोटा निराळाच. गाडी पोत्यांच्या थप्पीपासून दूर लावावी, खाली सांडलेले दाणे रोज झाडावेत, आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून कागदाचे कपटे किंवा लेंड्या दिसतात का ते पाहावे. काहीजण बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी ठेवतात. निपाणी जवळ असल्याने आमच्याकडे तंबाखूस तोटा नाही. तिच्या गुणाविषयी मात्र आम्ही हमी देत नाही.

वरील सर्व गोष्टींत नुकसान होते ते पैशाचे. घाटाची गोष्ट निराळी आहे. तेथे गाडीत घरची माणसे बसलेली असतात.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आणि पणजी समुद्राकाठी. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने जा, खानापुराकडून अनमोडने जा, किंवा आंबोलीवरून सावंतवाडीस उतरा. ही उंची कोठेतरी उतरावीच लागते आणि तिचा बहुतेक भाग घाटातच उतरतो. माणसे व सामान धरून दीड हजार किलो भरणारी गाडी ६०० मीटर उतरताना केवळ ब्रेकने आवरली, तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेने २५ लिटरांहून अधिक साधे पाणी उकळीपर्यंत तापेल. ही सारी उष्णता हाताच्या पंजाएवढ्या काही पॅडांतून आणि तव्यांतून बाहेर पडायची असते. आता ज्याला आपण ब्रेक ऑईल म्हणतो ते वस्तुतः ऑईल नव्हे. तो असा द्रव आहे की जो हवेतील ओल हळूहळू शोषून घेतो, पावसाळी प्रदेशात अधिकच. डॉट-३ जातीचा नवा द्रव २०५ अंशांच्या आत उकळू नये असा नियम आहे. परंतु त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. तापलेल्या ब्रेकपाशी द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पायाखालचे पेडल एकाएकी मऊ होऊन तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. विशेष हे की, गावात तीच गाडी वर्षानुवर्षे चांगली थांबत असते. दोष असतो, पण तो घाटाखेरीज प्रकट होत नाही.

सबब, ज्या कुटुंबाचे गोव्यास किंवा कोकणात वर्षातून चार-सहा वेळा जाणे-येणे आहे, त्यांनी ब्रेक ऑईल दोन वर्षांनी निश्चित बदलावे, किलोमीटर कितीही झालेले असोत. त्यास फारसा खर्च नाही, तरी हेच काम सर्वांत अधिक टाळले जाते, कारण ते न केल्याने गाडी कुरकुरत नाही. पॅडांची जाडी घाटापूर्वी पाहावी, घाटानंतर नव्हे. उतरताना चढणीच्याच गेअरमध्ये उतरावे हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे; आपोआप गेअर बदलणाऱ्या गाडीतही हाताने खालचा गेअर लावण्याची सोय बहुधा असते, ती शिकून घ्यावी. इंधन वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग अजूनही भेटतात. इंजेक्शनच्या गाडीत गेअर लावून उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद होते, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास ते लागते. म्हणजे त्यांचा हिशेबही चुकतो आणि ब्रेकही जातात.

टायर आणि बॅटरी यांविषयी थोडक्यात लिहितो. खड्ड्यांच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचे अलाइनमेंट दहा हजारांची वाट न पाहता पाच हजारांस पाहावे. टायर एका अंगास झिजू लागला असेल तर त्याही आधी. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की तो कायद्यानेही बाद आहे, आणि पावसाच्या आमच्या घाटात त्याच्या बऱ्याच आधी. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. यात्रेस सर्व कुटुंब व सामान भरून निघताना दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या भरल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे हवा भरावी. बॅटरी तर न वापरल्यानेच अधिक मरते. चातुर्मासात पंधरा-पंधरा दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी तिसऱ्या वर्षी दगा देते, आणि रोज धावणाऱ्या टॅक्सीची टिकून असते. ज्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली आहे त्यांची ऑईलची यातायात संपली; ब्रेक ऑईल, कूलंट आणि टायर मात्र त्यांनाही चुकलेले नाहीत.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख गॅरेजवाल्यांनी लिहवून घेतला असे वाटेल. ज्यांची गाडी आठवड्यास हुबळी, कोल्हापूर, पुणे अशी हमरस्त्यावर धावते, त्यांना पुस्तिकेतील १०,००० किलोमीटर निर्धास्तपणे पुरे करता येतात. तापलेले इंजिन, एकसारखा वेग, क्वचित ब्रेक: गाडीला याहून सुखाचे दिवस नाहीत. येथून श्रवणबेळगोळचा चारशे किलोमीटरांहून अधिक प्रवास गाडीस पेठेतल्या शंभर फेऱ्यांपेक्षा हलका पडतो. अशा गाडीचे ऑईल पाच हजारांस बदलणे म्हणजे चांगला माल उकिरड्यावर टाकणे होय. तरीही जुन्या सवयीने कित्येकजण तसे करतात, कारण त्यांनी अँबॅसिडर व फियाट चालविलेल्या आहेत. त्या गाड्यांना काही हजार किलोमीटरांतच ऑईल आणि ग्रीस द्यावे लागे हे खरे. परंतु त्यानंतर ऑईलची जात सुधारली, आणि डिझेल-पेट्रोलमधील गंधकाचे प्रमाण बीएस-४ च्या काळी दहा लाखांत ५० भाग होते, ते बीएस-६ पासून १० भागांवर आले, त्यामुळे आम्लही कमी तयार होते. मुदत वाढली ती उगीच नव्हे. तसेच, सर्व्हिसिंगच्या बिलात इंजिन धुणे, वातानुकूलनाची शुद्धी, नाना प्रकारचे लेप अशा ज्या रकमा येतात, त्यांतील किती पुस्तिकेच्या कोष्टकात आहेत हे काउंटरवर शांतपणे विचारावे. कोष्टकात नसेल ते नको म्हणावे. घासाघीस करण्यास व्यापाऱ्याने लाजू नये.

दिवाळीस आपण नव्या वह्या घालतो. त्यांतील जुन्या वहीची चार कोरी पाने गाडीच्या कप्प्यात ठेवावीत. तारीख, काटा, काय बदलले, आणि मागील सहा महिन्यांत गाडी मुख्यतः कोठे फिरली, एवढेच लिहावे. घरात दोन गाड्या असतील तर दोघींची पाने वेगळी असावीत, कारण थोरल्या चिरंजीवांची हुबळीस धावणारी गाडी आणि यार्डात उभी राहणारी गाडी यांची मुदत एक असू शकत नाही. मेकॅनिकसमोर हे पान धरले की तो मीटरकडे पाहण्याआधी ते वाचील. वॉरंटी चालू असेतो मात्र पुस्तिकेतील मुदत कोणत्याही कारणाने लांबवू नये आणि प्रत्येक बिल त्याच पानास टाचून ठेवावे. ब्रेक, वायपर व टायर यांची तपासणी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी करावी, आणि एअर फिल्टर बदलायचा तर सुगी संपून यार्ड झाडून झाल्यावर.